उचल, खाडा आणि पिशवी : बीडच्या ऊसतोड बायकांचं प्रकरण

जून २०१९मध्ये विधान परिषदेत नीलम गोऱ्हे यांच्या प्रश्नाला उत्तर देताना तेव्हाचे आरोग्यमंत्री एकनाथ शिंदे यांनी सांगितलं, की बीड जिल्ह्यात तीन वर्षांत ४,६०५ बायकांचं गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रिया झाल्या. दोन महिने आधी वर्तमानपत्रांत बातम्या येऊन गेल्या होत्या आणि राष्ट्रीय महिला आयोगानं राज्य सरकारला नोटीसही पाठवली होती. मग गोऱ्ह्यांच्याच अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. बीडमधल्या ८२,३०९ ऊसतोड महिलांची पाहणी झाली. त्यातल्या १३,८६१ जणींचं गर्भाशय काढलेलं निघालं, म्हणजे शंभरातल्या जवळजवळ सतरा जणींचं.

शेजारी दुसरा आकडा ठेवू. २०१५-१६च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात १५ ते ४९ वयाच्या बायकांमध्ये हे प्रमाण देशात ३.२ टक्के आणि महाराष्ट्रात २.६ टक्के होतं. दोन्ही पाहण्यांतले वयोगट तंतोतंत सारखे नाहीत, त्यामुळे भागाकार करून ‘इतके पट’ असं ठासून सांगणं बरोबर नाही. पण वयोगट कसेही जुळवले तरी एवढी दरी बुजत नाही.

बातमी जगभर गेली ती सोप्या रूपात: मुकादम, म्हणजे ऊसतोडीच्या टोळ्या पुरवणारे ठेकेदार, बायकांना गर्भाशय काढायला लावतात. खलनायक सापडला की वाचणाऱ्यालाही बरं वाटतं. प्रकरण मात्र तसं नाही. बहुतेक बायकांनी सांगितलं ते असं, की कोणी जबरदस्ती केली नाही, आम्हीच गेलो, त्रास होता, डॉक्टर म्हणाले पिशवी काढा, काढली. हे खोटं मानायचं कारण नाही. प्रश्न असा आहे, की तिशीच्या आतबाहेरची बाई स्वतःच्या पायांनी जाऊन, उसने पैसे देऊन हे करून घेते, तेव्हा तिच्यापुढे दुसरं काय काय होतं? या लेखात तेवढंच तपासायचं आहे.

कोयता म्हणजे दोन माणसं

बीड पर्जन्यछायेतला जिल्हा. बालाघाटच्या डोंगरपट्ट्यातले पाटोदा, आष्टी, शिरूर कासार, धारूर, वडवणी, केज हे तालुके ऊसतोडीसाठी ओळखले जातात. जमीन हलकी, पाणी नाही, खरिपाचं एक पीक हाती लागलं तर लागलं. दसरा-दिवाळीच्या सुमारास इथली गावं रिकामी व्हायला लागतात. माणसं पश्चिम महाराष्ट्रात जातात, कर्नाटकातही जातात, आणि कारखान्याचा पट्टा पडला, म्हणजे गाळप संपलं, की मार्च-एप्रिलात परततात. राज्यात ऊसतोड कामगार दहा लाखांच्या वर आहेत असे अंदाज आहेत आणि त्यांत बीडचा वाटा सर्वांत मोठा मानला जातो. वंजारी, बंजारा, दलित, भूमिहीन आणि कोरडवाहू मराठा अशी ही सगळी मंडळी. साखर ज्यांच्या पाण्यावर उभी राहिली ते जिल्हे वेगळे आणि ज्यांच्या अंगमेहनतीवर चालते तो जिल्हा वेगळा.

कामाचं एकक ‘कोयता’. एक कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी. एकट्या माणसाला अर्धा कोयता म्हणतात आणि त्याला सहसा कोणी विचारत नाही. मुकादम हंगामाच्या आधी कोयत्यामागे उचल देतो. पन्नास हजारांपासून दीड लाखापर्यंतची रक्कम, बहुतेकदा नवऱ्याच्या हातात. ती तोडणीतून फेडायची. दिवस भरला नाही की तो खाडा. खाड्याला दंड, साधारण पाचशे रुपये. खाडा दोघांतल्या कोणाचाही असो, दंड कोयत्याला.

इथं एक गोष्ट नीट लक्षात घ्यायला हवी. मजुरी टनावर असली तर आजारी पडल्यावर त्या दिवसाची कमाई जाते, आणि हे कुठल्याही रोजंदारीत घडतं. इथं कमाई जाते आणि वर दंडही बसतो. आजारी पडणं हा करारभंग ठरतो. पाळीच्या दुसऱ्या दिवशी पोटात कळा येत असतील, ताप असेल, गर्भारपणाचा सहावा महिना असेल, या सगळ्यांचा हिशेब एकाच रकान्यात होतो.

दिवस पहाटे तीन-चारला सुरू होतो. स्वयंपाक, पाणी, पोरं, मग फड, म्हणजे तोडणीचं शेत. नवरा तोडतो, बाई उसाचा पाला साळते, मोळ्या बांधते आणि वाहते. गाडी सेंटरला बैलगाडीत भरायचं. डोकी सेंटरला मोळी डोक्यावर घेऊन फळीवरून ट्रकवर चढायचं. एकेका मोळीचं वजन तीस-चाळीस किलो. ट्रक रात्री आला तर भरणीही रात्रीच. राहायला कोपी: बांबू, पाचट, वर प्लास्टिकचा कागद. नळ नाही, संडास नाही, न्हाणीघर नाही. उघड्यावर जायचं तर अंधारात, म्हणून बायका पाणी कमी पितात आणि लघवी दाबून धरतात. पाळीत कपडा बदलायला आडोसा नाही, धुवायला पाणी नाही, वाळवायला जागा नाही. सकाळी घेतलेला कपडा रात्रीपर्यंत तसाच. ओला, घामाचा, उसाच्या कुसळांचा.

आणि एक सहसा न बोललं जाणारं: मुकादम, ड्रायव्हर, शेतमालक यांच्या नजरेखाली, दार नसलेल्या कोपीत झोपणं. त्यातून होणारे अत्याचार कागदावर क्वचितच येतात. उचल फिटायची असताना पोलिसात कोण जाणार?

पिशवीपर्यंतची वाट

शस्त्रक्रिया शेवटी येते. सुरुवात दहा-बारा वर्षं आधी होते.

हंगामात मुलगी मागं कोणाकडे ठेवायची, ही काळजी या घरांत खरी आहे. सोबत नेली तर फडावरची काळजी. शिवाय लग्न झालं की एक नवा कोयता तयार होतो आणि नव्या कोयत्याला नवी उचल मिळते. २०१९-२१च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात बीडमधल्या २० ते २४ वयाच्या बायकांपैकी ४३.७ टक्के जणींचं लग्न अठराच्या आत झालेलं होतं. राज्याचं प्रमाण त्याच्या निम्म्यावर होतं. मग सतरा-अठराव्या वर्षी पहिलं बाळंतपण, बाविशी-तेविशीत दोन-तीन मुलं, मुलगा झाला की नसबंदी. बाळंतपणानंतर विश्रांती मिळत नाही. ओली बाळंतीण मोळ्या वाहते, तेव्हा ओटीपोटाचे स्नायू पूर्ववत व्हायच्या आतच त्यांच्यावर भार येतो. अंग बाहेर येण्याच्या, म्हणजे गर्भाशय खाली सरकण्याच्या, तक्रारी इथूनच सुरू होतात.

विशी सरता सरता अंगावरून पांढरं जाणं, कंबर मोडणं, ओटीपोटात सतत दुखणं, पाळीत जास्त जाणं हे ठरलेलंच. यातलं बरंचसं जंतुसंसर्गाचं असतं. वेळेवर तपासून, दोघांनाही औषधं देऊन, पुन्हा होणार नाही अशी राहणी मिळाली तर बरं होणारं. पहिल्या दोन गोष्टी डॉक्टरच्या हातात आहेत. तिसरी नाही. फडावर परत गेलं की पुन्हा तोच कपडा आणि तेच पाणी. बाई म्हणते, औषधानं तेवढ्यापुरता फरक पडतो. तिचा अनुभव खरा असतो. डॉक्टरला तो ‘औषधाला दाद न देणारा आजार’ दिसतो.

हंगामात दवाखाना म्हणजे खाडा, म्हणून दुखणं अंगावर काढायचं. उन्हाळ्यात गावी आल्यावर बघायचं. प्राथमिक आरोग्य केंद्रात स्त्रीरोगतज्ज्ञ नसतो आणि सोनोग्राफी नसते. तालुक्याच्या गावी खासगी दवाखाना असतो, तिथं सोनोग्राफी लगेच होते. मग ‘पिशवीला सूज आहे’, ‘पिशवीच्या तोंडाला जखम आहे’, ‘गाठ दिसतेय’, आणि शेवटी ते वाक्य: काढली नाही तर कॅन्सर होईल. किती ठिकाणी गर्भाशयमुखाची साधी चाचणी करून मग हे म्हटलं गेलं? बायकांनी अभ्यासकांना आणि पत्रकारांना पुन्हा पुन्हा सांगितलंय, की कॅन्सरचा शब्द एका भेटीत आला आणि तारीखही त्याच भेटीत ठरली.

डॉक्टरांच्या बाजूनं एक म्हणणं ऐकायला मिळतं: बाईच मागणी करते, आम्ही नाही म्हटलं तर ती दुसरीकडे जाते. हेही खोटं नाही. मुलं झालेली आहेत, नसबंदी झालेली आहे, दर महिन्याला त्रास आहे. शेजारणीनं काढली, जावेनं काढली, ‘कटकट मिटली’ म्हणाली. पण तज्ज्ञ आणि रुग्ण यांच्यात फरक असतो तो याच क्षणासाठी. अँटिबायोटिक मागणाऱ्या सर्दीच्या रुग्णाला चांगला डॉक्टर नाही म्हणतो, आणि त्या नाहीची फी त्याला मिळत नाही. गर्भाशयाच्या बाबतीत ‘हो’ची फी वीस ते चाळीस हजार असते.

हिशेब मांडून पाहू

२०१९च्या सुमाराचे ढोबळ आकडे घेऊ. तोडणीचा दर टनाला २४० ते २५० रुपये. जोडीनं दिवसाला दोन टन तोडला तर पाचशे रुपये. एक खाडा म्हणजे ते पाचशे गेले आणि वर दंडाचे पाचशे. पाळीचे दोन दिवस दर महिन्याला घरी बसायचं म्हटलं तर पाच महिन्यांच्या हंगामात दहा खाडे, दहा हजार रुपये. शस्त्रक्रिया तीस हजारांची धरली तर तीन हंगामांत वसूल. कोपीत बसून, कागद-पेन्सिल न घेता, हा हिशेब कोणालाही जमतो. तो चुकीचाही नाही, एवढंच की त्यात दोन रकाने राहून जातात.

पहिला रकाना कर्जाचा. तीस हजार रोख असणारं घर ऊसतोडीला जात नाही. पैसे सावकाराकडून येतात किंवा मुकादमाकडून वाढीव उचल म्हणून येतात. शस्त्रक्रियेसाठी उचल दिली गेल्याचं बातम्यांतून पुढे आलेलं आहे. म्हणजे खाड्याच्या भीतीनं जी शस्त्रक्रिया केली तिच्यामुळे पुढचा हंगाम आणखी घट्ट बांधला गेला. मुकादमानं जबरदस्ती करायची गरज इथं पडतच नाही.

दुसरा रकाना शरीराचा. गर्भाशय काढल्यावर निदान सहा आठवडे जड उचलायचं नसतं. ते पाळलं जात नाही. गर्भाशयासोबत अंडाशयंही काढली असतील तर तिशी-पस्तिशीतच पाळी जाण्याचे सगळे परिणाम एकदम अंगावर येतात: अंगातून वाफा, झोप उडणं, सांधेदुखी. पुढे हाडं ठिसूळ होणं आणि हृदयविकाराचा वाढलेला धोका. अंडाशयं ठेवली तरी ती लवकर थकण्याची शक्यता असते. काय काय काढलं हे अनेकींना माहीत नसतं. कागद एक तर मिळालेला नसतो किंवा हरवलेला असतो. पस्तिशीत ‘आता पहिल्यासारखं होत नाही’ म्हणणारी बाई फडावर कमी मोळ्या वाहते, तिच्या कोयत्याला उचल कमी मिळते आणि मग घरातली मुलगी सोबत जायला लागते. ती चौदाची असते. लग्नाचं बघायला हवं, असं कोणीतरी म्हणतं.

विषमता आणि आरोग्य यांबद्दल बोलताना आपण सहसा गरिबीबद्दल बोलतो: पैसे नाहीत म्हणून उपचार नाहीत. इथं उलट झालंय. उपचार भरपूर झालाय, नको तेवढा. ज्या बाईला साध्या तपासणीचे, अँटिबायोटिकचे, लोहाच्या गोळ्यांचे, संडासाचे दोनशे-पाचशे रुपये व्यवस्थेनं कधी दिले नाहीत, तिच्यावर तीस हजारांची शस्त्रक्रिया मात्र चटकन होते, कारण खालच्या पायऱ्यांवर कोणाला काही मिळत नाही आणि वरच्या पायरीवर मिळतं.

हे एकट्या बीडचं नाही, याला आकड्यांचा आधार आहे. त्याच २०१५-१६च्या सर्वेक्षणात सर्वाधिक प्रमाण होतं आंध्र प्रदेशात, ८.९ टक्के, आणि तेलंगणात, ७.७ टक्के. ही देशातली सर्वांत गरीब राज्यं नव्हेत. जिथं खासगी रुग्णालयं गावाजवळ पोचली आहेत आणि लवकर लग्न, लवकर मुलं, लवकर नसबंदी असा क्रम रूढ आहे, तिथं हे दिसतं. देशभरातल्या अशा शस्त्रक्रियांपैकी सुमारे दोन तृतीयांश खासगी रुग्णालयांत झालेल्या होत्या. राजस्थान, बिहार आणि छत्तीसगडमधल्या प्रकरणांवरून डॉ. नरेंद्र गुप्ता यांनी जनहित याचिका केली होती. बिहार-छत्तीसगडात तर विम्याचे पैसे हा भाग होता: सरकारी विम्याच्या कार्डावर शस्त्रक्रियेचे पैसे मिळत, बाह्यरुग्ण तपासणीचे मिळत नसत. एप्रिल २०२३मध्ये सर्वोच्च न्यायालयानं त्या याचिकेवर निकाल देऊन अनावश्यक गर्भाशय-शस्त्रक्रिया रोखण्यासाठीची केंद्राची २०२२ची मार्गदर्शक तत्त्वं सर्व राज्यांनी तीन महिन्यांत लागू करावीत असं सांगितलं.

बीडपुरतं आणखी एक. २०११च्या जनगणनेत इथं शून्य ते सहा वयोगटात हजार मुलग्यांमागे ८०७ मुली होत्या, राज्यातला नीचांक. याच जिल्ह्यातल्या परळीतलं बेकायदा गर्भपाताचं प्रकरण २०१२मध्ये देशभर गाजलं. बाईच्या गर्भाशयाभोवती खासगी वैद्यकाचा धंदा उभा राहणं या जिल्ह्याला २०१९मध्ये नवं नव्हतं. ही जोडणी बातम्यांत फारशी झाली नाही, ती व्हायला हवी होती.

सरकारनं काय केलं

बीडमध्ये खासगी रुग्णालयांना गर्भाशय काढण्याआधी जिल्हा शल्यचिकित्सकांची परवानगी सक्तीची झाली. हंगामाला जाण्याआधी आणि परतल्यावर बायकांची आरोग्य तपासणी करायची, त्यांची आरोग्य कार्डं ठेवायची, असं ठरलं. गोपीनाथ मुंडे यांच्या नावानं ऊसतोड कामगार कल्याण महामंडळ उभं राहिलं, त्याला गाळपाच्या टनामागे दहा रुपये कारखान्यांकडून घ्यायचं ठरलं, मुलांसाठी संत भगवानबाबा वसतिगृहांची योजना आली. २०२३मध्ये मुंबई उच्च न्यायालयानं ऊसतोड मजुरांच्या स्थितीची स्वतःहून दखल घेतली. मार्च २०२४मध्ये ‘न्यूयॉर्क टाइम्स’नं हा विषय आंतरराष्ट्रीय शीतपेय कंपन्यांच्या साखरखरेदीशी जोडला, तेव्हा पुन्हा काही दिवस गाड्यांचे ताफे बीडकडे वळले.

परवानगीच्या अटीनं काही प्रमाणात चाप बसला असणार, आणि ती अट असायलाच हवी. पण ती शेवटच्या पायरीवर बसवलेली आहे. कागद नीट असला की परवानगी मिळते. अट बीडपुरती असल्यानं बाजूच्या जिल्ह्यात जायची वाट तेव्हा उघडीच होती. आणि ज्या बाईला खरोखरच अंग बाहेर आल्यानं किंवा गाठींमुळे शस्त्रक्रिया हवी आहे, तिला सरकारी रुग्णालयात तारीख मिळेपर्यंत हंगाम येऊन ठेपतो. २०२५च्या जूनमध्ये आरोग्य विभागाचे आकडे पुन्हा बातम्यांत आले: आदल्या हंगामाला जाण्याआधी गर्भाशय काढलेल्या ८४३ ऊसतोड महिला, त्यातल्या ४७७ तीस ते पस्तीस वयाच्या. त्याच आकड्यांत १,५२३ गर्भवती फडावर गेल्याची नोंद होती. त्यावर फार कोणी बोललं नाही.

यात कारखाना कुठं आहे? कागदावर जवळजवळ नाहीच. तो तोडणी-वाहतुकीचा करार करतो, मुकादम टोळी आणतो, टोळीची माणसं मुकादमाची. त्यामुळे मालक कोण हा प्रश्न विचारला की सगळे एकमेकांकडे बघतात. मालकच नाही म्हटल्यावर प्रसूतीची रजा नाही, कर्मचारी विमा नाही, आजारपणाची रजा नाही, आणि फडावर संडास बांधायची जबाबदारी कुणाची तेही ठरत नाही. रेशनकार्ड गावात, अंगणवाडी गावात, आशाताई गावात. बाई सहा महिने दुसऱ्याच जिल्ह्यात, जिथल्या आशाच्या यादीत तिचं नाव नसतं. कारखान्यांचे अध्यक्ष, त्यांच्यावर नियम करणारे आमदार आणि महामंडळाला निधी देणारे मंत्री ही बरेचदा एकमेकांच्या घरातली माणसं असतात, हे महाराष्ट्राला सांगायला नको.

जानेवारी २०२४मध्ये मजुरांच्या संघटना आणि साखर संघ (कारखान्यांची संघटना) यांच्यात वाटाघाटी होऊन तोडणीचा दर ३४ टक्क्यांनी वाढला, टनाला सुमारे ३६६ रुपये झाला. मुकादमाचं कमिशनही वाढलं. वाढ मोठी आहे, ती लढून मिळाली आहे आणि तिचं मोल कमी करण्याचं कारण नाही. पण दर वाढला की खाड्याची किंमतही वाढते: दोन टनांचे आता सातशे तीस रुपये बुडतात, वर दंड. टेबलावर बसलेल्यांत बायका जवळपास नव्हत्या आणि चर्चेचा भर दरावर आणि कमिशनवर होता.

मला विचाराल तर पुढच्या पाहणीत गर्भाशयं मोजण्याबरोबर आणखी तीन गोष्टी मोजाव्यात. एका हंगामात कोयत्यामागे किती खाडे लागले आणि त्यातले किती आजारपणाचे. बाईची मजुरी तिच्या स्वतःच्या खात्यात आली का. टोळी उतरली तिथून पाण्याचा नळ आणि संडास किती पावलांवर होता. या तिन्हींची उत्तरं कारखान्याच्या शेतकी खात्याला, मुकादमाच्या वहीतून आणि स्लिपबॉयच्या (तोडणीच्या पावत्या देणाऱ्या कारखान्याच्या माणसाच्या) नोंदींवरून, एका हंगामात गोळा करता येतील. टनाटनाचा हिशेब ते आजही ठेवतातच.